धाकटीची आण

वरच्या मजल्यावरचं बाळ रडायचं थांबलं की मला चैन पडत नाही. रडत असलं की माझं सगळं ठीक चालतं. भाजी निवडते, पेपर वाचते, दुपारी जरा आडवीही होते. पण ते एकदम गप्प झालं की मी उठून बसते. दोनदा तर जिना चढून बेल वाजवली. सावेडीतल्या या आमच्या इमारतीत सगळे मला ओळखून आहेत, तरी दुसऱ्या वेळी त्या पोरीनं, बाळाच्या आईनं, हातच जोडले. "आजी, आत्ता कुठं डोळा लागला होता हो त्याचा! तुमच्या बेलनं उठला बघा." आतून भोकाड ऐकू आलं आणि मी समाधानानं खाली आले. मनात तिनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तिला काय सांगू? सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापासून सांगावं लागेल, आणि तिचं दूध गॅसवर असतं.

मी तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर. पुण्याला समाजकार्य शिकून नगरला आले होते आणि मुलांसाठी काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेत नोकरीला लागले होते. डोक्यात पुस्तकं आणि पायाला भिंगरी. ऑफिसात खुर्चीवर बसवलं की अंगाला मुंग्या यायच्या. आई म्हणायची, "हिला एका जागी बसवायचं तर खिळे ठोकावे लागतील." दुष्काळी कामं निघाली आणि तिथं बायका तान्ही पोरं घेऊन येऊ लागल्या. त्या पोरांवर लक्ष ठेवायचं, कुणी टाकलेलं, हरवलेलं, हयगय झालेलं मूल दिसलं तर ते नगरच्या बालगृहात पोचवायचं, हे काम आमच्याकडे आलं. साहेबांनी विचारलं, "पाथर्डीच्या पुढं कोण जाईल?" बाकीच्या सगळ्या आपापली नखं बघायला लागल्या. मी हात वर केला. मला गरिबांचा फार कळवळा होता असं नाही, मला त्या खुर्चीतून सुटायचं होतं.

तर पाथर्डीच्या पुढं एका माळावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. खाली बायका खणायच्या, घमेली भरायच्या आणि चढण चढून माती बांधावर टाकायच्या. पुरुष थोडेच. धडधाकट होते ते गोदावरीकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले. खड्ड्यांपासून बरंच लांब, एका बाभळीखाली बांबूवर गोणपाटं टाकून पोरांसाठी मांडव केला होता. सगळे त्याला पाळणा म्हणत. आत लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या आणि मधे एक म्हातारी. तिला कुणी नव्हतं. घमेलं उचलवत नाही म्हणून मुकादमानं तिला पोरं सांभाळायला ठेवलेलं.

पहिल्या दिवशी मी तो पाळणा पाहिला आणि खूश झाले. काय शांतता! एवढी पोरं आणि एकाचाही आवाज नाही. म्हातारी सुपारी कातरत बसलेली. मी म्हटलं, "आजी, फार शहाणी पोरं आहेत हो तुमची!" ती म्हणाली, "व्हय बाई. गरिबाची पोरं." आणि मी ते खरं मानलं. इतकं शिकले होते ना मी!

दुसऱ्या दिवशी एका झोळीत वाकून बघत होते. बाळाच्या पापणीवर माशी बसली होती. ती पापणीवरून डोळ्याच्या कोपऱ्यात गेली, तिथं फिरली, नाकपुडीशी आली. बाळ हललं नाही. मी पुढची झोळी बघितली, तिच्या पुढची बघितली. झोपलेलं मूल मी घरात पाहिलं होतं, भाचरं अंगाखांद्यावर वाढलेली. हे झोपणं तसलं नव्हतं.

म्हातारीच्या मागं डालड्याचा एक डबा होता. त्यात खसखशीची बोंडं पाण्यात भिजत पडलेली. बाजारात जडीबुटीवाल्याकडे मिळायची ती. ज्यातून अफू काढतात तेच बोंड. त्या पाण्याची बोटं म्हातारी सकाळी पोरांना चाटवायची, की ती दिवस कलेपर्यंत गप्प.

मी जी ओरडले! "अगं बाई, मारायला बसलीस का काय पोरांना? लाज नाही वाटत?" डबा उचलला आणि भिरकावला, बोंडं मातीत पसरली. म्हातारीनं अडकित्ता बाजूला ठेवला. मुळीच चिडली नाही, याचाच मला जास्त राग आला.

"फेका. उद्या दुसरी भिजवीन," ती म्हणाली. "बाई, ह्ये रडलं की ह्याची माय खड्ड्यातनं वर पळत येती. ती वर आली की टोळीतल्या बाकीच्या तिच्या नावानं बोटं मोडत्यात. हिचं पाजून हुईस्तवर दुसरं रडतंय. सांजच्याला मुकादम टेप लावतो, खड्ड्याचं माप भरत न्हाई. मग काम कोनी करायचं? तुमी?"

"मी करीन!" मी म्हटलं. जवळ पाणी प्यायला आलेल्या बायका खो-खो हसल्या. एकीनं खरंच घमेलं पुढं केलं. मी तोऱ्यात उचललं, चढणीच्या मध्यापर्यंत गेले आणि फतकल मारून बसले. "न्हाई न्हाई, बाई लई कामाच्या हाईत," खालून कुणीतरी ओरडलं. तो हशा मला आजही आठवतो आणि अजूनही कान गरम होतात.

दुपारी भाकरी खायला सगळ्या बसल्या तेव्हा मी त्यांच्यात जाऊन बोलले. अफूनं मूल कसं खंगतं, भूक कशी मरते, आज बोटभर दिलं तर उद्या दोन बोटं लागतात, एखाद्या दिवशी मूल उठतच नाही. सगळ्या माना हलवत होत्या. "व्हय बाई." "खरं हाय बाई." "न्हाई देनार बाई." मला माहीत होतं, हा होकार मला वाटेला लावण्यापुरता होता. मी वैतागून म्हटलं, "नुसतं व्हय-व्हय काय करता? मनापासून एकीनं तरी सांगा!"

सगळ्यांनी भाकरीत लक्ष घातलं. मग एक उठली. विशीच्या आतलीच असावी, काळीसावळी, हनुवटीवर गोंदलेलं. एका घरच्या दोघी जावा त्या कामावर होत्या, सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत. दोघींचे नवरे जोडीनं तोडणीला गेलेले. ही धाकटी. ती पाळण्यात गेली, आपलं पोर झोळीतून काढून घेऊन आली आणि सगळ्यांसमोर त्याच्या टाळूवर हात ठेवला.

"ह्याची आन घेते. आजपास्नं मी ह्याला बोंडाचं पानी देनार न्हाई."

"आगं ये येडे!" थोरलीनं झडप घालून तिचा हात ओढला, पण बोलून झालं होतं. देवीची आण घेऊन माणूस खोटं बोलेल, तांब्या उचलून खोटं बोलेल, पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून त्या भागात कुणी खोटं बोलत नसे. मोडली तर ती लेकरावर जाते. मला आनंद झाला आणि मी घाबरलेसुद्धा. इतकं मोठं काही मी मागितलं नव्हतं.

मग त्या पोरानं जे रडायला सुरुवात केली ती विचारू नका. अंगात भिनलेलं एकदम बंद झालेलं, शिवाय दात यायचे दिवस. आठ-नऊ महिन्यांचं ते पोर, पण आवाज असा की मुकादम त्याला कारखान्याचा भोंगा म्हणायला लागला. भोंगा झाला की धाकटी फावडं टाकून पळत सुटायची. खड्ड्यापासून पाळण्यापर्यंत उन्हातून पळायची, पाजायची, परत पळायची. थोरली एकटी खणत राहायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा. "आन घेतली म्हनं! आनीनं खड्डा खनतोय व्हय?" टोळीतल्या दुसऱ्या दोघी धाकटीशी बोलेनाशा झाल्या. सगळ्यांचं माप एकत्र, एकीमुळं सगळ्यांचं घटायचं.

मी त्या पोराला खांद्यावर टाकून बांधावरून येरझाऱ्या घालायची. येतील ती गाणी म्हणायची. माझं गाणं ऐकून ते आणखी रडायचं. मग मी मुकादमाच्या मागं लागले, की पाळणा तिथून हलवून खड्ड्यांच्या काठाला आणा. पोरं डोळ्यांसमोर राहतील, आयांना पळावं लागणार नाही, चार पावलांवर पाजून परत कामाला लागतील. साधी गोष्ट. मुकादम म्हणायचा, "बाई, जागा वरून ठरलेली हाय. वरचा हुकूम आनून दाखवा." मी रोज भांडायचे, तो रोज विडी पेटवायचा.

त्या दिवशीही खाली त्याच्याशीच माझी जुंपली होती. उन्हं डोक्यावर आलेली. मी हातवारे करत बोलत होते आणि बोलता बोलता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. मुकादम म्हणाला, "काय झालं वो बाई?" आणि माझ्या ध्यानात आलं. भोंगा वाजत नव्हता. बऱ्याच वेळापासून वाजला नव्हता.

मी धावले. साडीचा काठ फाटला ते नंतर कळलं. झोळीत ते पोर पडलं होतं, ओठ निळसर झालेले. एक श्वास घ्यायचं आणि पुढचा येतो की नाही अशी वाट बघायला लावायचं. मी पापणी उघडली. बाहुली मोहरीएवढी झालेली.

"आजी, काय दिलंस याला?"

म्हातारीच्या हातातली सुपारी खाली पडली. "इवलंसं दिलं वो बाई! इवलंसंच! रडून रडून घसा बसला हुता त्याचा, मला बघवंना. आदी रोजच येवढं देत हुते."

तेवढ्यात खड्ड्यातून थोरली पळत आली, मागून धाकटी. थोरलीनं पोराकडं बघितलं, म्हातारीचं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "म्या बी दिलं," ती म्हणाली. "सकाळी. ही पान्याला गेल्ती तवा. चार दिस झालं, माप भरंना. आन तिची हुती... आमची न्हवती ना, बाई."

दोघींनी हाच हिशेब केला होता. आण धाकटीची, धाकटीनं द्यायचं नाही. दुसऱ्या कुणी तिच्या नकळत दिलं तर आण मोडत नाही, पोराला काही बाधत नाही. पोराच्या जिवाला जपूनच दोघींनी हे केलं होतं, आणि धाकटीला कळू नये म्हणून एकीनं दुसरीलाही सांगितलं नव्हतं.

धाकटीनं पोर उचललं आणि ती पळायला लागली, कुठं ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी ओरडले, "टँकर! टँकर थांबवा!" पाण्याचा टँकर रिकामा होऊन निघाला होता. बांधावरच्या बायकांनी घमेली टाकली. एकीनं धाकटीच्या हातातून पोर घेतलं, पुढचीच्या हातात दिलं, तिनं तिच्या पुढचीकडं. ज्या बोलत नव्हत्या त्याही त्यात होत्या. असं हातोहात ते चढण चढून टँकरपाशी आमच्या आधी पोचलं. जी ती हातात आल्यावर त्याच्या गालावर चापट मारत होती, "ये बाबा, उठ रं, रड की रं!" म्हणत होती.

मी टँकरवाल्याला सांगितलं, "त्याला झोपू द्यायचं नाही, झोपलं तर संपलं." तो बापडा दाढीवाला, आडदांड माणूस. त्यानं एका हातानं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं भोंगा दाबला तो तालुक्याचा दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. "झोपतंय कसं बगतो!" म्हणायचा आणि रडायचा. मी पोराच्या तळव्यांवर टिचक्या मारत होते, चिमटे काढत होते, तोंडावर पाण्याचे हबके मारत होते. धाकटी त्याला गदागदा हलवत होती. श्वास लांबला की आम्ही दोघी आपलाही श्वास धरून बसायचो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून त्याचं पोट धुतलं. मग थेंब थेंब काळी कॉफी. आम्ही आळीपाळीनं त्याला घेऊन ओसरीवर चालत राहिलो. दिवस कलला तेव्हा त्यानं मांजराच्या पिलासारखा एक आवाज केला. मग दुसरा. मग तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की कंपाउंडर हातातली बाटली घेऊन बाहेर आला. धाकटी भिंतीला टेकून खाली घसरली. "म्या मोडली न्हाई, बाई," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "म्या आन मोडली न्हाई."

"मला माहीत आहे गं," मी म्हटलं. मीही रडत होते, आणि मला सगळ्या जगाचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे साहेब जीप घेऊन हजर. कुणीतरी नगरला कळवलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. शेवगावकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पण कायद्याबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. ओसरीवर बाकावर बसले आणि धाकटीला समोर बोलावलं. पोर तिच्या मांडीवर. थोरली रात्रीतून चालत आली होती, पायरीशी पदर डोक्यावरून ओढून बसली होती.

"अफू कोणी दिली?" साहेबांनी विचारलं. "जिनं दिली तिला मी पोलिसात देणार. मूल मेलं असतं."

थोरलीनं मान वर केली, तोंड उघडलं. त्याआधीच धाकटी बोलली. "म्या दिली."

मी उडालेच. "साहेब, तिनं नाही दिली!"

"ती स्वतः कबूल करतेय, बाई. तुम्ही मधे बोलू नका." ते धाकटीकडे वळले. आवाज जरा खाली आणला. "बाई, तू आई आहेस म्हणून तुला पोलिसात देत नाही. पण हे मूल तुझ्यापाशी ठेवता येणार नाही. आम्ही नगरला बालगृहात नेतो. दुष्काळ सरला की बघू."

"अंगावर पितंय त्ये," धाकटी म्हणाली. एवढंच. तिचा चेहरा राखेसारखा झाला, पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही. थोरली पोलिसात गेली असती तर घर मोडलं असतं. म्हातारी गेली असती तर तिला भाकरी घालायला कुणी नव्हतं. हे सगळं त्या पोरीनं आपल्यावर घेतलं होतं, आणि किंमत मांडीवर पडून अंगठा चोखत होती. बालगृह मी पाहिलेलं होतं. तिथं तान्ही पोरं कशी जगतात आणि किती जगतात ते मला ठाऊक होतं.

मी खरं सांगितलं तर त्या दोघी जाणार. नाही सांगितलं तर पोर जाणार. मला जागेवर उभं राहवेना. मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, परत आले. साहेब म्हणाले, "बाई, जरा शांत बसाल का?" आणि मला सुचलं. मी धाकटीपुढं उकिडवी बसले.

"त्याच्या डोक्यावर हात ठेव," मी म्हटलं. "ठेव आणि साहेबांना सांग, मी दिली म्हणून. मग त्यांना नेऊ दे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला ती नजर सोसली नाही. तिनं हात उचलला. तो पोराच्या टाळूपर्यंत गेला आणि वरच राहिला. ओठ हलत होते, पण हात खाली येत नव्हता. पोराला वाटलं आई खेळतेय, त्यानं तिची बोटं धरायला हात वर केले. तिनं झटकन हात मागं ओढून घेतला आणि तोंडात पदर कोंबला. पायरीवर थोरली हमसून हमसून रडायला लागली.

साहेब त्या हाताकडं बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनाही आई होती, शेवगावकडचीच. कुणी दिली ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पायरीवरच्या बाईकडं बघितलं आणि मान फिरवली.

"मग आता काय करू म्हणता?" ते मला म्हणाले.

"पाळणा खड्ड्याच्या काठावर आणायला सांगा. तेवढा एक हुकूम द्या. मग कुणालाच काही द्यावं लागणार नाही."

"आणि यातलं परत काही झालं तर?"

"माझ्यावर."

"तुमच्यावरच," ते म्हणाले आणि उठले. "बसा सगळ्या जीपमध्ये. मुकादमाला मीच सांगतो."

डॉक्टरांनी पोराला पुन्हा एकदा तपासून सोडलं आणि आम्ही निघालो. साहेब पुढं, मागं आम्ही तिघी आणि ते. जीप पहिल्या खड्ड्यात आदळली आणि त्यानं सुरू केलं. काय ते रडणं! घसा फुटलेला, तोंड लालभडक, हातपाय झाडत, आदल्या दिवसाचं राहिलेलं सगळं वसूल करत होतं. साहेबांनी थोडा वेळ सोसलं, मग कानावर हात ठेवून मागं वळले.

"अहो, गप्प करा ना त्याला कुणीतरी!"

"न्हाई!" आम्ही तिघी एकदम ओरडलो. मीसुद्धा 'न्हाई'च म्हणाले.

ड्रायव्हर हसला. साहेब पुढं तोंड करून बसले. धाकटीनं पोराला छातीशी धरलं होतं आणि त्याच्या टाळूवर तिचा हात होता. ते रडत होतं आणि ती त्याला म्हणत होती, "रड, माज्या राजा, रड." तलाव जवळ आला तेव्हा बांधावरच्या बायका घमेली खाली ठेवून रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या, आणि पाळण्याच्या बाहेर म्हातारी दोन्ही हात कपाळाला लावून उभी होती. जीप त्यांना दिसली ती नंतर. त्याचं रडणं आधीच पोचलं होतं.